डॉर्कस स्टॉरच्या अकरा चादरी

आमच्या स्केलविक गावी धक्क्यालगत जाळी ठेवण्याची जुनी वखार आहे. तिची समुद्राकडची भिंत दरवर्षी ईस्टरनंतरच्या सोमवारी कोळ्यांच्या घरच्या स्त्रिया चुन्याने पांढरी करीत. त्या बादलीला पुरुषाने हात लावायचा नाही, असा दंडक होता. परतणारी होडी ती भिंत आणि टेकडीवरचा खांब एका रेषेत धरून आत येई. रेषा सुटली की दोन्ही अंगांना खडक.

ती भिंत १९५३ साली मी हिरवी करविली. तेव्हा मी शाळेचा मुख्याध्यापक आणि नगरसमितीचा चिटणीस होतो. उन्हाळी पाहुण्यांच्या डोळ्यांना सुखावेल असा एकच रंग साऱ्या किनाऱ्याला असावा, हा ठराव माझाच. कोळी हसले. "लावा हो मास्तर, आम्ही डोळे मिटूनसुद्धा आत येतो!"

विरोध केला तो एकट्या डॉर्कस स्टॉरने. ही विधवा पाहुण्यांच्या घरांच्या चादरी धुऊन पोट भरीत असे. "डोळे मिटून येता, कारण उघडे असताना शिकलात," ती म्हणाली. मी तिचे म्हणणे इतिवृत्तात नोंदविले आणि विसरलो.

सप्टेंबरात एका दुपारी ईशान्येचा वारा सुटला आणि पाण्यावर करडा धूसरपणा दाटला. डॉर्कसचा मुलगा एमॉस आणि त्याचे दोन सोबती बाहेर होते. त्यांची होडी खडकांपलीकडे दिसली. ती पुढे येई, थबके, पुन्हा माघारी वळे. मी वळून वखारीकडे पाहिले. हिरवी भिंत मागच्या हिरव्या टेकडीत पार विरून गेली होती.

इतक्यात डॉर्कस ओल्या चादरींची हातगाडी ढकलीत आली. तिने ना कुणाला दोष दिला, ना एक अश्रू ढाळला. वखारीच्या माळ्यावर चढून तिने वरच्या खिडकीतून पहिली चादर सोडली.

"मास्तर, उभे काय राहिलात? टोक धरा!"

"डॉर्कसबाई, वारा फार..."

"वाऱ्याला ठराव वाचून दाखवा मग! नाहीतर दगड बांधा!"

मी दगड बांधले. शेजारणी टेबलांवरचे पांढरे कापड घेऊन धावल्या. अकराव्या चादरीला भिंत पांढरी झाली. समुद्रात होडीचे नाक हळूहळू वळले, भिंत आणि खांबाच्या रेषेत स्थिरावले आणि ती सरळ आमच्याकडे येऊ लागली. साठ वर्षे मी या किनाऱ्यावर चर्चमधली स्तोत्रे ऐकत आलो आहे; परंतु टोपी काढून उभे राहावे असे मला आतून वाटले ते त्याच क्षणी.

एमॉस धक्क्यावर उतरला. त्याचे ओठ निळे पडले होते. भिंतीकडे पाहून तो म्हणाला, "आई, कडेची एक चादर वाकडी आहे गं."

"ती मास्तरांची," डॉर्कस म्हणाली. मग तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

मी ठराव रद्द करण्याची भाषा काढली. तिने चिखलाने माखलेल्या चादरी गाडीत भरायला घेतल्या होत्या.

"ते सावकाश करा. शनिवारी पाहुणे यायचेत, हे सगळं मला पुन्हा उकळायचंय. तुम्ही उद्या चुना आणून द्या." गाडीचा दांडा उचलीत ती म्हणाली, "बादलीला मात्र हात लावू नका."