फरशीभर बाबा

शेजारचे पेंटरकाका रविवारी विहारात पोरांना बाबांचं चित्र शिकवत. आधी चष्मा, मग कोट, खिशाला पेन आणि चेहरा शेवटी. "चष्मा जमला का बाबा आपोआप येतेत," म्हणत.

एकदा कागद संपले, म्हणून त्यांनी फरशीवरच खडूनं काढायला लावलं. पोरं काढत काढत दारापर्यंत आली आणि घरी गेली. काका आत मूर्तीपाशी अडकले.

मी दारातून म्हटलं, "काका, जेवायले चला."

"कसा येऊ गा? बाबाच्या अंगावर पाय देऊ काय?"

"मग पुसून टाका."

"तू पूस."

मीही पुसलं नाही.

संध्याकाळी वंदनेला लोक आले. दारातून आत बघून सगळे अंगणातच बसले. कोणी हसलं नाही. काकांनी आतून वंदना सुरू केली.