मुहूर्तावर बसवलेली चिप

पुणतांब्याचे नृसिंह गुरुजी गावाला मुहूर्त काढून देत आले आणि गाव ते डोळे झाकून पाळत आलं. लग्न असो, वास्तुशांत असो की बोअरचा नारळ, "गुरुजींनी सांगितलंय" म्हटलं की वाद मिटला. अशा माणसाच्या ओटीवर कॉम्प्युटर आला तो हौसेनं नव्हे, नाइलाजानं. गुरुजींच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. बशी उचलली तर चहा धोतरावर, मग कुंडलीची घरं काय आखणार? घराबाहेर हे कुणाला ठाऊक नव्हतं. मुलानं, शौनकनं, पुण्यात ऑफिसातून निघालेलं एक जुनं मशीन आणून दिलं आणि गुरुजी एका बोटानं बटणं दाबत पत्रिका छापू लागले. लोक म्हणाले, गुरुजी सुधारले. गुरुजींनीही ते खोडून काढलं नाही.

पण श्रीरामपुरात एका ज्योतिषानं नवंकोरं मशीन आणलं. तिथं चहा निवायच्या आत पत्रिका हातात. गुरुजींचं जुनं थ्री-एट्टी-सिक्स मशीन एका पत्रिकेला पाऊण तास घ्यायचं आणि मध्येच वीज गेली की पुन्हा श्रीगणेशा. गिऱ्हाईक ओटीवर जांभया देत बसायचं आणि शेवटी एसटी धरायचं. गुरुजींच्या पत्नी शोभाताई काही बोलत नव्हत्या, पण स्वयंपाकघरातले डबे बोलत होते. हे असंच चाललं तर बिऱ्हाड मोडून पुण्याला मुलाच्या दोन खोल्यांत पाय आखडून राहायचं, एवढंच उरत होतं. त्या विचारानं गुरुजींना अन्न गोड लागेना.

नवं मशीन घेण्याची ऐपत नव्हती. श्रीरामपूरचा दुरुस्तीवाला योगेश म्हणाला, "गुरुजी, मशीन बदलू नका. मुख्य प्रोसेसरच्या शेजारी एक जागा रिकामी आहे. तिथं गणिताचा वेगळा प्रोसेसर बसतो. तो घातला की ग्रहांची आकडेमोड झपाट्यानं होईल." हे ऐकल्यापासून गुरुजी ओटीवर येरझाऱ्या घालू लागले. घ्यावा तर गाठीशी होतं नव्हतं ते जाणार, न घ्यावा तर धंदाही जाणार आणि हाताची गोष्टही चव्हाट्यावर येणार. जगाला मुहूर्त देणाऱ्या माणसाला स्वतःचं ठरवता येईना.

ठरवायला लावलं ते गावातल्या कारभारींनी. त्यांच्या पोरीचं जमत आलं होतं आणि दोन्ही पत्रिका त्यांना लगेच हव्या होत्या. "न्हाईतर श्रीरामपूरला जातो गुरुजी. राग मानू नका, पाव्हणे थांबायचे न्हाईत." त्याच दिवशी गुरुजी श्रीरामपूरला जाऊन त्या गणिताच्या प्रोसेसरची चिप घेऊन आले. योगेशनं डबी देताना बजावलं होतं, "परवा येऊन मी बसवतो. तोवर उघडू नका."

आता परवा नेमकी अमावास्या. उद्या सकाळी मात्र नामी योग होता.

"योगेश येईपर्यंत थांबा की," शोभाताई म्हणाल्या.

"अगं, अमावास्येला कुणी चूल तरी बदलतं का? आपल्या घराचा सगळा भार आता याच्यावर आहे."

मार्गशीर्षातली कोरडी, कडक थंडी होती. गुरुजी आंघोळ करून रेशमी कद नेसले, लोकरीची धाबळी अंथरून बसले, मशीनचं झाकण काढून त्याला हळदकुंकू वाहिलं. मग डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं आणि चिप उचलली. नवल म्हणजे हात त्या वेळी कापला नाही. रिकाम्या जागेशी बोट टेकलं तेव्हा चट् करून काहीतरी चावल्यासारखं झालं.

"तेज आहे त्याच्यात," गुरुजी हसून म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते हसले होते.

बटण दाबलं. मशीनचा पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं, चिप काढून दाबलं, देवाचं नाव घेऊन दाबलं. पडदा काळा तो काळाच. शेवटी त्यांनी चौकातल्या बूथवरून योगेशला फोन लावला.

"बसवताना अंगावर काय होतं?" योगेशनं विचारलं.

"सोवळं. रेशमी."

"आणि खाली?"

"धाबळी."

 योगेश हळूच म्हणाला, "थंडीत रेशीम-लोकर घासली की अंगात वीज साठते, गुरुजी. ती बोटातून उतरली असेल. चिप गेली, बहुतेक मशीनचा मुख्य बोर्डही गेला. तुमचा दोष नाही."

दोष नाही म्हणे. मग कुणाचा, ग्रहांचा? गुरुजी घरी आले आणि कद सोडायचंही भान न राहून मशीनसमोर बसले. तेवढ्यात कारभारी आले.

"मशीन बंद पडलं," गुरुजी म्हणाले.

"मग हातानं मांडा की. माझी तुमीच मांडली हुती."

गुरुजींनी उजवा हात उपरण्याखाली ओढला, पण उपरणंच थरथरू लागलं. कारभारींनी पाहिलं. जाणता माणूस, नजर वळवून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पत्रिका आनतो श्रीरामपुरातून. पन लग्नाचा मुहूर्त तुमीच काढायचा. त्यो मशीनवाल्याचा नको. तुमचा मुहूर्त कधी चुकत न्हाई, म्हनून तर पोरीचं तुमच्या हवाली करतोय."

शोभाताईंनी पंचांग आणून पुढ्यात ठेवलं. कारभारी हात जोडून बसले. गुरुजींनी पान उघडलं. माघातल्या सगळ्या तिथ्या त्यांना तोंडपाठ होत्या, पण त्यातली एकही उच्चारायचा धीर त्यांना होईना.