मंगल स्कॉलरशिपला बसली

शाळेत किस्से गोळा करावे लागत नाहीत. एक पोरगं खिशात सरडा घेऊन येतं, दुसरं सरड्यासाठी रजा मागतं, आणि महिना संपेपर्यंत सांगायला डझनभर गोष्टी जमतात! जळकोटजवळच्या आमच्या चौथीपर्यंतच्या शाळेत आम्ही तिघं होतो. चव्हाण हेडगुरुजी, शेख गुरुजी आणि मी, कांबळे बाई. पुढं कधीही भेटलो की दुष्काळातल्या त्या वर्षाचे किस्से निघायचेच. हसून हसून पोट दुखायचं आणि शेवटी तिघंही विषय बदलायचो. कारण ते सगळे किस्से मंगलचे होते.

मंगल चौथीत होती. तिचे वडील ग्यानबा दुष्काळी कामावर खडी फोडायचे. एक दिवस शाळेत येऊन म्हणाले, "बाई, स्कॉलरशिप मिळाली तर पोरीला जळकोटला पाचवीत घालतो. न्हाय तर माझ्यासंगं खडीवर यील." माणूस वाईट नव्हता, साल वाईट होतं.

\*

पोरगी लई हुशार! तोंडी काहीही विचारा. पण छापील पेपर पुढं आला की हिच्या तोंडचं पाणी पळायचं. पहिल्या सरावाला पेपर उलटा धरून बसली ती बसलीच.

"मंगल, अगं पेपर उलटा आहे!"

"ठावं हाय, बाई. सुलटा केला की परश्न दिसत्यात!"

\*

मग भीती मोडायला शेख गुरुजींनी घरगुती प्रश्न काढले. 'गटात न बसणारा शब्द ओळखा : विहीर, नदी, तळं, टँकर.'

मंगलनं पटकन 'टँकर'ला गोल केला. गुरुजी खूश! "शाबास! का गं?"

"त्यात पानी असतंय, गुरुजी."

हेडगुरुजी खिडकीतून कोरड्या तळ्याकडं बघत म्हणाले, "शेख, मार्क द्या तिला."

\*

सरावाच्या छापील पेपरांचा एकच संच हेडगुरुजींनी धाराशिवहून आणला होता. पोरं वीस! परीक्षेत पेन्सिल चालायची, म्हणून सरावही पेन्सिलनंच. एकानं सोडवायचा, आम्ही तपासायचा, त्यानं खोडरबरानं स्वच्छ करून पुढच्याला द्यायचा. कुणी डाग ठेवला की हेडगुरुजी ओरडायचे, "पुढच्यानं काय तुझी उत्तरं वाचायची?"

यात मंगलचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुसून झालं की ती पेपरावर फुंकर मारायची आणि हसायची. म्हणायची, "पुसलं की भ्याव बी जातंय, बाई." आम्हाला वाटलं, चला, पोरीला आपलं औषध सापडलं. पुढं पुढं तर आम्ही तपासायला मागायच्या आतच तिचा पेपर कोरा व्हायचा. मी रागवायची, पण हसत हसत.

\*

परक्या सुपरवायझरची सवय व्हावी म्हणून शेख गुरुजींनी कंपाउंडरचा कोट आणि काळा चष्मा मागून आणला. दार धाडकन उघडलं. "सायलेन्स! कोई बात नहीं करेगा!"

वर्ग चिडीचूप. मला धसका, आता मंगल रडते की काय! तिनं खालपासून वरपर्यंत साहेबाला न्याहाळलं.

"गुरुजी, चप्पल बदलायची ऱ्हायली!"

त्या दिवसापासून ती साहेबाला भ्यायची बंद झाली. शेख गुरुजी आता नाहीत. पण काळा चष्मा घातलेला माणूस दिसला की मला आधी त्यांची ती तुटकी चप्पल आठवते.

\*

आमची पोरं जमिनीवर बसणारी. बाकावर बसवलं की त्यांचे पाय लोंबकळायचे आणि अक्षर बिघडायचं. म्हणून दूध सोसायटीचा एकुलता एक बाक आठवडाभर उसना आणला. चेअरमन मीटिंगला आले तर पंचमंडळी खाली मांडी घालून बसलेली!

"बाक कुठं गेला?"

"स्कॉलरशिपला बसलाय!"

चेअरमन हसले, धोतर सावरलं आणि खाली बसले. "बसू द्या. दूध तरी कुठं हाय मीटिंग घ्यायला!"

सगळं गाव एका पोरीसाठी असं खाली बसलं होतं. ते आठवलं की अजून जीव तुटतो.

\*

परीक्षा धाराशिवला होती. पहाटेच्या एस.टी.नं आम्ही गेलो. ग्यानबाही काम बुडवून आले होते. फाटकाशी आम्ही तिघांनी तिला एकच सांगितलं. हेडगुरुजी म्हणाले, "सरावाचाच पेपर समज." शेख गुरुजी म्हणाले, "रोज करतीस तसंच कर, बेटा." आणि मी तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हटलं, "अगदी रोजच्यासारखं."

आत जाताना तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. पोरगी भीत नव्हती!

घंटा झाली. बाकीची पोरं रडवेली बाहेर आली, आमची मंगल उड्या मारत.

"सगळं आलं?"

"सगळं, बाई! एक बी सोडला न्हाय. दोनदा तपासला."

ग्यानबांनी तोंडावर उपरणं धरलं. "मंजी पाचवी!" एवढंच म्हणाले. शेख गुरुजी गरम भजी आणायला पळाले. मंगल माझा हात ओढत होती. तिला अजून काहीतरी सांगायचं होतं.

"आन् बाई, साहेब मागायच्या आत सगळं पुसून बी दिलं. एक रेघ ठिवली न्हाय!"