पेडगावच्या पांदीतला पिकअप

पाथरी मागे पडली आणि रस्ता इतका सरळ झाला, की गाडीला गिअर कशाला लागतात असा प्रश्न पडावा. मला तो सहा वर्षांपूर्वीच पडला होता. तेव्हापासून मी ऑटोमॅटिक चालवतो आणि ज्याला त्याला ते सांगतो. अधिक महिना होता. पेडगावला सासरी धोंड्यांचं जेवण (या महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे करून घालतात, आणि जावई ते हक्कानं खातो). बीडपासून मी बायकोला दाखवत होतो, बघ, डाव्या पायाला काही कामच नाही. ती म्हणाली, "घरी तरी कुठं असतं?"

अंगणात साडूची गाडी आधीच उभी. सुधाकरराव जिंतूरचे, बियाण्यांचे दुकानदार. गाडी मॅन्युअल, आणि तिचा अभिमान दुकानापेक्षा जास्त. माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "साडूभाऊ, आटोमेटिक म्हंजी सायकलीला साईडची चाकं."

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. उभा जन्म ट्रॅक्टरवर गेलेला हा माणूस गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ओट्यावर अडकला होता. डावा पाय नीट दबत नाही, मोटारसायकलवर टांग टाकता येत नाही. शेत दोन किलोमीटरवर, पण कुणी ‘चला मामा’ म्हणेपर्यंत बसून राहायचं. म्हणून ते गाडी घेणार होते. चालवायला पुतण्या आहेच, असं घरातल्या सगळ्यांनी परस्पर ठरवलं होतं.

"कोनती घिऊ, तुमी दोघं सांगा," एवढंच ते म्हणाले. "शेतापतोर गेली पायजे."

आम्ही त्यांना पिकअप सांगितला. टॉर्क सांगितला. चौथ्या धोंड्यापर्यंत आवाज इतके चढले, की सासूबाईंनी तुपाची वाटी उचलून आत नेली. शेवटी मामाच म्हणाले, "आपल्या गाडीची तारीफ कोन बी करंल. सकाळी बदलून चालवा. मी मागं बसतो."

सकाळी साडूंच्या गाडीत मी स्टिअरिंगवर बसलो. सासूबाईंनी मानवतच्या आत्याबाईंसाठी अनारशांचा डबा मामांच्या मांडीवर दिला होता. गाव सुटेपर्यंत मी दोनदा गाडी बंद पाडली. माझ्या डाव्या पायानं कधीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. त्याला पुन्हा कामावर बोलावणं त्याला मान्य नव्हतं. मानवतच्या चौकात एसटीमागे थांबताना मी नुसता ब्रेक दाबला. गाडी थरथरली, आचका दिला आणि गेली. मागून हॉर्न. एक टमटमवाला शेजारून जाताना प्रेमानं म्हणाला, "काका, शिकायलाव का?" सुधाकररावांनी खिडकीकडे तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते.

तरी खरं ते लिहितो. परतताना सरकीच्या ट्रॅक्टरला ओलांडायचं होतं. सुधाकररावांनी सांगितलं तसा मी गिअर खाली टाकला आणि गाडी अशी सुटली, की माझ्याच अंगावर काटा आला. आत्याबाईंकडे डबा द्यायचा राहिलाच, हे मात्र घरी पोचल्यावर कळलं.

म्हणून डबा घेऊन दुसरी फेरी, माझ्या गाडीतून, सुधाकरराव चालवणार. पहिल्याच गतिरोधकाला त्यांनी सवयीनं डावा पाय क्लचवर आपटला. तिथं क्लच नव्हता, ब्रेक होता. गाडी जागच्या जागी थबकली, डबा उघडला, आणि अनारसे समोरच्या काचेपर्यंत पोचले.

"साईडची चाकं," मी म्हणालो.

पुढे तसाच एक ट्रॅक्टर आला. त्यांनी पाय दाबला. गाडीनं आधी वरच्या साहेबाची मंजुरी मागितली, ती आल्यावर पळाली. "यवढ्या टायमात मी जिंतूर गाठलं असतं," ते म्हणाले. यावर कपाळाला खसखस चिकटलेले मामा मागून बोलले, "आत्याचं ऱ्हाऊ द्या. मानवत बघून झालं. शेताकडं घ्या."

पांदीशी (शेताकडे जाणारी चिंचोळी वाट) मी स्टिअरिंग परत घेतलं, कारण आता माझ्या गाडीच्या अब्रूचा प्रश्न होता. रात्री सर पडून गेलेली, खाली काळी माती. चाकं जागच्या जागी फिरली तसा मी जोर वाढवला, आणि गाडी आरामात चिखलात बसत गेली. सुधाकरराव म्हणाले, मॅन्युअल असती तर दुसऱ्या गिअरवर टाकून काढली असती. मी म्हणालो, मॅन्युअल असती तर मी चौकातच असतो.

ढकलण्यावाचून गत नव्हती. मामांना चिखलात ढकलायला लावणं शक्य नव्हतं. सुधाकरराव उतरून गाडीच्या मागे गेले, मीही उतरलो, आणि मामा पाय सांभाळत, दार धरत माझ्या जागी स्टिअरिंगवर बसले. त्यांनी खाली वाकून बघितलं.

"दोनच हायत का? डाव्याला काई न्हाई?"

"काही नाही मामा."

त्यांनी डावा पाय उचलून बाजूला ठेवला. आम्ही जोर लावला. चाकांनी दोघांनाही डोक्यापासून पायांपर्यंत रंगवलं आणि गाडी एकदाची बाहेर आली. थांबली नाही. धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेनं, ट्रॅक्टर न्यावा तशी हळू, वळण घेऊन दिसेनाशी झाली.

आम्ही दोघे चपला हातात घेऊन उभे.

"साडूभाऊ," सुधाकरराव तोंड पुसत म्हणाले, "पिकअप बरा हाय की."

शेतात पोचलो तेव्हा मामा दार उघडं टाकून लिंबाखाली, गाडीतच बसले होते. समोर त्यांचं रान. सीटवरचा एक अनारसा शोधून खात होते. आमच्याकडे न बघताच म्हणाले, "पाव्हणं, उद्या तुमी एसटीनं गेलाव तर चालंल का?"

चाललं. न चालून सांगतो कुणाला? परतीच्या वाटेवर ड्रायव्हरच्या मागचीच जागा मिळाली. माजलगावपर्यंत तो गिअरशी कुस्ती खेळत होता आणि प्रत्येक वेळी माझा बेकार डावा पाय आपोआप दाबला जात होता. दोन दिवस आम्ही गाडी किती पळते यावर भांडलो. विचारणाऱ्याला फक्त ओट्यावरून उठायचं होतं. हे मी बायकोला मोठ्या गंभीरपणे सांगितलं. ती म्हणाली, "मला परवाच कळलं होतं. तुम्ही बोलू दिलं असतं तर सांगितलं असतं."

याला आता दोन महिने झाले. मी रोज बसनं कामावर जातो. मामांना फोन करून विचारतो, कोणती घ्यायची ठरली?

"बघायलोत अजून," मामा म्हणतात. मागून वाऱ्याचा आवाज येत असतो, म्हणजे शेतातच असतात. "घाई कशाला?"