आर्डिसबाईंची प्रतीक्षा यादी

आमच्या टॅमरॅकच्या शाळेत कोण कोणाचा साहेब, हे मला बारा वर्षांत नीट उमगलेलं नाही. मी तिसरीला शिकवते आणि शाळेच्या मंडळावरही बसते. मंडळात आम्ही पाच जण: दोन शिक्षक, दोन पालक, एक गावकरी. मुख्याध्यापक गॉर्डीला ठेवायचं की काढायचं हे मंडळ ठरवतं, आणि मला ठेवायचं की काढायचं हे गॉर्डी ठरवतो. त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांशी फार गोड वागतो. ऑफिसच्या खिडकीत बसणाऱ्या आर्डिसबाई मात्र कोणाशीच विशेष गोड वागत नाहीत, कारण शाळा त्या चालवतात.

जिल्ह्याने गावातली शाळा बंद करून मुलांना तीस मैलांवरच्या वॉरेलला धाडायचं ठरवलं, तेव्हा त्या इथेच कारकून होत्या. किल्ल्या परत करायला आपण विसरलो, असं त्या अजून सांगतात. त्या हिवाळ्यात त्यांच्या स्वयंपाकघरात आठ माणसांनी बसून चार्टर शाळेचा, म्हणजे सरकारी पैशावर पण गावानेच चालवायच्या शाळेचा अर्ज लिहिला. काय शिकवणार, मंडळ कसं निवडणार, आणि जमलं नाही तर शाळा पुन्हा बंद कशी करणार, तेसुद्धा. मिनियापोलिसच्या एका संस्थेने सनद दिली आणि त्याच इमारतीला त्याच किल्ल्या लागल्या. दर काही वर्षांनी संस्थेची माणसं सनद पुढे चालू ठेवायची की नाही ते बघायला येतात. आर्डिसबाई त्यांच्या हातात लिंबाच्या वड्या ठेवतात आणि मागतील ती फाईल मागायच्या आत काढून देतात.

नियमांच्या बाबतीत बाई महाकडक. मंडळाचे तिघे एकत्र बसून शाळेबद्दल बोलले की ती सभा होते, आणि सभेची नोटीस तीन दिवस आधी दारावर लागावी लागते. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं कॅफेत ॲपल पाय खात होतो. शाळेचा बॉयलर फार कुरकुरतो, एवढंच मी म्हणाले. शेजारच्या टेबलावरून बाई म्हणाल्या, "रेनाटा, तू तरी ऊठ, नाहीतर मला आत्ता इतिवृत्त लिहायला बसावं लागेल." उरलेला ॲपल पाय मी उभ्याने काउंटरवर खाल्ला.

तर अशा बाईंची नात सिग्ने यंदा पाच वर्षांची झाली. तिला बालवर्गात यायचं होतं आणि जागा होत्या अठरा. आधीपासून शाळेत असलेल्यांची भावंडं घेतल्यावर सात उरल्या आणि अर्ज आले अकरा. म्हणजे सोडत. कर्मचाऱ्यांच्या मुलांना सोडतीत पडावं लागत नाही, पण नातवंडांबद्दल कागदात अक्षर नाही. तो कागद लिहिला कोणी, ते सांगायला नको.

"पुढच्या सभेत 'नातवंडं' हा शब्द घालू या की," गॉर्डी म्हणाला. "कोण नाही म्हणणारे?"

"मी," बाई म्हणाल्या. "अर्ज आल्यावर नियम बदलतात का? घाला, पुढच्या वर्षी घाला."

गेल्या वर्षी गॉर्डीने टोपीतून चिठ्ठ्या काढल्या होत्या. दोन चिठ्ठ्या एकमेकींना चिकटून आल्या आणि वरून खरमरीत पत्र आलं. म्हणून यंदा बाईंनी प्रत्येक अर्जाला आकडा दिला आणि चर्चमधला बिंगोचा, आकड्यांचे चेंडू घोळवायचा पिंजरा मागून आणला. चर्चच्या फळ्यावर कोणीतरी 'पिंजरा गुरुवारी चार वाजता शाळेत' असं लिहिलं, आणि गुरुवारी पालकांच्या आधी बिंगोची नेहमीची सहा म्हातारी मंडळी आपापली कार्डं आणि आकडे खुणावायची शाई घेऊन पहिल्या रांगेत हजर. सोडत सगळ्यांसाठी खुली असते, त्यामुळे त्यांना घालवताही येईना. गॉर्डी पिंजरा फिरवायचा, बाई आकडा वाचायच्या. पाचव्या आकड्याला ऑर्विल म्हातारा "बिंगो" म्हणाला आणि बक्षिसात काय आहे ते विचारू लागला.

"बालवर्ग," बाई म्हणाल्या. "येतोस?"

सिग्नेचा आकडा चार. सात चेंडू बाहेर आले, त्यांत चार नव्हता. आठवा आला तो चार. "प्रतीक्षा यादी, क्रमांक एक," बाईंनी वाचलं आणि लिहिलं. आवाज तसूभर हलला नाही. मागे बसलेल्या सिग्नेच्या आईने, म्हणजे त्यांच्या मुलीने मार्नाने, कोटाची बटणं लावायला घेतली.

जागा मिळालेल्यांनी पुढच्या शुक्रवारी चारच्या आत सही करायची, नाहीतर जागा यादीतल्या पहिल्याला. सहा जण आले. सातवा कर्मिट ऑस्टबी, मुलगी मेविस. नदीला वितळत्या बर्फाचा पूर होता आणि त्याचं शेत पाण्यापलीकडे. पत्र गेलं, फोनवर निरोप ठेवले, उत्तर नाही. शुक्रवारी दुपारी दोन वाजता सगळी शाळा काही ना काही निमित्ताने खिडकीवरून जात होती. मीही खडू मागायला गेले, आणि आमच्याकडे खडू वापरत नाहीत.

"तू पत्र पाठवलंस, फोन केलेस," गॉर्डी हळूच म्हणाला. "नियमात तेवढंच आहे. घरी जा असं कुठे लिहिलंय?"

"जाऊ नका असंही कुठे लिहिलंय?" बाई म्हणाल्या आणि टेबलाखालून रबरी बूट काढले. "रेनाटा, तुझी गाडी उंच आहे."

वर्ग गॉर्डीच्या गळ्यात घालून मी गाडी काढली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. दोन तास गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं हिचं? वाटेत मी तसं म्हणालेसुद्धा.

"मेविसच्या जागी सिग्ने असती आणि मी दुसरी कोणी असते, तर तू काय म्हणाली असतीस?" त्यांनी विचारलं. मी गाडीचा वेग वाढवला.

रस्ता पाण्यात जाऊन संपला. शेजारचा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन उभा होता. त्याने ट्रॅक्टरपुढचं माती उचलायचं बकेट खाली केलं आणि सदुसष्ट वर्षांच्या आर्डिसबाई एका हातात सहीचा कागद, दुसऱ्या हातात वड्यांचा डबा घेऊन त्यात बसल्या. मागच्या पायरीवर लटकत मी. पलीकडे कर्मिट पंप दुरुस्त करत होता. पत्र त्याने कॉफीच्या डब्यामागे ठेवलं होतं, न फोडता.

"शाळेचं पत्र चांगलं कधी असतं?" तो म्हणाला. "मला वाटलं, नाही म्हणून कळवलंय. फोनही म्हणून घेतला नाही."

"सही कर. तीन चाळीस झालेत."

त्याने हात पुसून सही केली आणि मग विचारलं, "मी सही केली नसती तर जागा कोणाला जाणार होती?"

"यादीतल्या पुढच्या मुलीला."

"कोण ती?"

"ते सांगायचं नसतं. वडी घे."

परतून शाळेच्या दारात गाडी थांबवली तेव्हा बाई म्हणाल्या, "आता मार्नाला सांगायचंय. त्यापेक्षा पुन्हा त्या बकेटमध्ये बसेन." डोळे पुसले आणि आत जाऊन कागदावर शिक्का मारला.

मार्ना एवढंच म्हणाली, "आई, तुला त्या शिक्क्यालाच नात म्हणायला हवं होतं." आणि जूनपर्यंत फोन केला नाही.

सप्टेंबरपासून सिग्ने वॉरेलच्या बसने जाऊ लागली. पावणेसातला बस शाळेसमोर थांबते, आणि आर्डिसबाई त्याआधी येऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात. पोरगी रोज खिडकीतून विचारते, "आजी, माझा नंबर आला?"

"अजून नाही गं. पण यादीत पहिली तूच."

गेल्या शनिवारी मी दुकानात होते. आजी-नात दुधाच्या रांगेत आणि पुढे कर्मिट मेविसला घेऊन. सिग्नेने मेविसला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"शाळेच्या यादीत मी पहिली आहे. तू कितवी?"

"सातवी," मेविस म्हणाली.

सिग्नेला तिची फार दया आली. "रडू नको हं," ती म्हणाली आणि आपल्या हातातलं बिस्कीट मोडून अर्धं तिला दिलं.

कर्मिटने आधी त्या दोघींकडे पाहिलं, मग आर्डिसबाईंकडे, आणि त्याच्या हातातली दुधाची बाटली तशीच राहिली. बाईंनी तोंड उघडलं. मी वाट बघत होते, कारण कोणाची चूक दुरुस्त न करता या बाईंनी सोडून दिलेली मी कधी पाहिली नाही. बाईंनी तोंड मिटलं, नातीच्या टोपीची नाडी नीट बांधली आणि म्हणाल्या, "चल, पहिली."