सर्व्हिसिंगला दिलेलं घड्याळ

रविवार, १४ डिसेंबर. पुसद. अप्पासाहेबांच्या घराची माडी.

हजर: मोठ्या बाई, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांचा मुलगा निशांत, आमचे हे, म्हणजे सुधाकरराव, आणि मी.

गैरहजर: अप्पासाहेब, माझे भासरे, म्हणजे थोरले दीर. त्यांची तेरवी परवाच झाली. हयातीतही ते कुठल्या बैठकीला वेळेवर आल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे त्यांची खुर्ची रिकामी असण्यात नवीन काही नव्हतं.

काम: घड्याळांचं कपाट उघडणं, कोणतं घड्याळ कोणाकडे जाणार ते ठरवणं, आणि एक घड्याळ परत घेणं. हे शेवटचं काम फक्त माझ्या वहीत होतं.

ज्यांनी अप्पासाहेबांना पाहिलं नाही, त्यांना आधी त्यांची एक सवय सांगितली पाहिजे. ते भेटेल त्याला वेळ विचारत. स्वतःच्या मनगटावर वाटीएवढं स्विस घड्याळ झळकत असायचं, आणि तोंडाने मात्र "किती वाजले वो?" समोरचा माणूस बाही वर सारायचा. अप्पासाहेबांना तेवढंच हवं असे. तो वेळ सांगत असताना हे त्याचं घड्याळ पाहून घेत. घड्याळ भारी असलं तर नजर वर तोंडाकडे जाई. साधं असलं तर तिथूनच परत फिरे. पुसदच्या बाजारात त्यांची अडत होती. कापूस-सोयाबीन घेऊन येणारे, वकील, डॉक्टर, नात्यातली पोरं, सगळ्यांची मनगटं त्यांनी याच पद्धतीने तपासलेली होती.

त्यांची स्वतःची घड्याळं बरोबर लावलेली नसत. एकात दहा वाजलेले, दुसऱ्यात सव्वातीन. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "टाईम पाहाले मोबाईल हाय, विजयाबाई. घड्याळ टाईमासाठी नसते. मानसाची किंमत समजाले असते." हे वाक्य त्यांना इतकं आवडायचं की दर दिवाळीला पाहुण्यांसमोर ते नव्याने सुचल्यासारखं म्हणत.

माझी आणि त्यांची पहिली भेट मला बघायला आले तेव्हाची. उमरखेडला आमच्या घरी दुपारचं जेवण निवून गेलं होतं. सासरे आधीच वारलेले, म्हणून वडीलकीच्या नात्याने अप्पासाहेब पुढे. माझे बाबा बसस्टँडवर कंट्रोलर होते. गाडी उशिरा आली की ड्रायव्हरला जे विचारत, तेच त्यांनी हसत विचारलं, "रस्त्यात काही बिघाड झाला का?" त्याला उत्तर न देता, व्याह्याला हाक मारावी तसं अप्पासाहेबांनी विचारलं, "किती वाजले, इवाई?" बाबांनी भोळेपणाने हात पुढे केला. अप्पासाहेबांनी तो धरला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "हे कोन्या राजाच्या काळातलं हाय?"

ते चावीचं घड्याळ होतं. पांढरी तबकडी, स्टीलची डबी, घामाने काळा पडलेला पट्टा. बाबा रोज पहाटे पहिली गाडी सोडायला निघण्याआधी त्याला चावी देत. आमच्या घरात चहा, आंघोळ, शाळा सगळं त्या घड्याळावर चाले, आणि मी आज जी याद्या करते ती सवय बहुधा तिथलीच. बाबांच्या आयुष्यात दुसरं मौल्यवान काही नव्हतं, आणि त्यांना त्याची खंतही नव्हती.

आमच्याकडे लग्नात नवरदेवाच्या हातात सासरा घड्याळ बांधतो. बाबा नवीन घ्यायला दुकानापर्यंत गेले आणि तसेच परत आले. आईला म्हणाले, "नव्याचा मले काय भरवसा? माझं आजपर्यंत मांगं पडलं नाई. जावयाले तेच देतो." नवी काच बसवली, नवा पट्टा लावला, आणि मांडवात स्वतःच्या हाताने ह्यांच्या मनगटावर बांधलं. बाबांचं तोंड त्या वेळी कसं दिसत होतं ते मी सांगणार नाही, कारण पुढचं सांगायचं आहे.

अप्पासाहेब उठून आले. भावाचा हात धरून त्यांनी मांडवाला दिसेल असा वर केला. "इवाई, हे जावयाले देल्लं का मोडीत काढलं?" मांडव हसला. मग त्यांनी ते घड्याळ सोडलं, आपलं सोनेरी काढून नवरदेवाला घातलं. "फोटोत तरी बरं दिसलं पाह्यजे." बाबांचं घड्याळ आपल्या कोटाच्या खिशात टाकलं. बाबा हसणाऱ्यांत हसले. उरलेला सगळा वेळ ते रिकाम्या मनगटावर सदऱ्याची बाही ओढत होते. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ह्यांच्या हातात एकाही फोटोत आमचं घड्याळ नाही. ते सोनेरीही नाही टिकलं. पाठवणीच्या आधीच अप्पासाहेबांनी ते भावाच्या हातातून काढून घेतलं होतं.

आमचं घड्याळ मागितलं तर म्हणाले, "सर्व्हिसिंगले देल्लं हाय." हे उत्तर रोहनच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या बारशाला होतं, त्याच्या दहावीच्या निकालाला होतं, त्याला नोकरी लागली तेव्हाही होतं. बाबा दर भेटीत जावयाच्या मनगटाकडे पाहत आणि विचारत, "बरं चालते ना?" आम्ही म्हणायचो, सर्व्हिसिंगला आहे. बाबा कंट्रोलर माणूस, उशीर समजणारे. एकदा म्हणाले, "असं कोनतं दुकान हाय ते? गाडी असती तं मी आतापर्यंत दुसरी सोडली असती."

शेवटी मी पुसदच्या घड्याळवाल्या चाचांकडे गेले. अप्पासाहेबांची सगळी दुरुस्ती त्यांच्याकडेच असे. चाचा म्हणाले, "वो चावीवाली? वो तो उसीच हप्ते ले गये तुमारे जेठ. उसमें करने कोच कुछ नै था." मी तशीच अप्पासाहेबांच्या दारात. ते झोपाळ्यावर होते. जराही न हलता म्हणाले, "चाचा म्हतारा झाला. त्याले काय याद राह्यते? आन तुमाले त्या डबड्याचं एवढं काहून? सुधाकरले दुसरं घेऊन देतो मी." दुसरंही कधी घेऊन दिलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

त्यांच्याकडे घड्याळांचा पाळणा होता. विजेवर चालणारी काचेची पेटी, आत गोल फिरणाऱ्या छोट्या गाद्या. हातात घातली नाहीत की बंद पडतात अशी भारी घड्याळं त्यात हलत राहत. एका मे महिन्यात सासूबाई आजारी, वीज तासन्‌तास जायची. मी महागावहून, आमच्या घरून आले तर सासूबाई घामाने भिजलेल्या, त्यांच्या खोलीतला पंखा बंद, आणि माडीवर पाळणा संथ फिरतोय. इन्व्हर्टरला तोच जोडलेला. मी वायर काढली आणि पंख्याला जोडली. संध्याकाळी अप्पासाहेब खाली आले, आईकडे पाहिलंही नाही. "माझं जर्मनीचं बंद पडलं, विजयाबाई. त्याले सुरू कराले नागपूरले न्या लागते." सासूबाई उशीवरून म्हणाल्या, "मले बी नागपूरलेच न्या लागते रे बाप्पा." त्यावर ते हसले. त्या घरात विनोद फक्त आजारी माणसंच करू शकत.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने लिहायची तर ही. रोहन पाच वर्षांचा असताना त्याने त्यांचं एक स्विस घड्याळ पाण्याच्या बादलीत टाकलं. अप्पासाहेबांनी बाही वर न करता हात घातला, घड्याळ काढलं, कानाला लावलं, डोळे मिटून ऐकलं. "चालू हाय," म्हणाले, "पोट्टं हाय, होते." ओरडले नाहीत. मात्र त्यानंतर रोहनचा उल्लेख ते कायम "माझं घड्याळ बुडवनारा" असाच करत, अगदी त्याच्या साखरपुड्यातही, मुलीकडच्या लोकांसमोर.

फाल्गुनात रोहनचं लग्न आहे. तारीख ठरली तेव्हा बाबांनी माझ्याजवळ एकच मागणं केलं. वय झालंय, हात कापतात, ऐकू कमी येतं. म्हणाले, "घड्याळ रोहनले दे. मी माझ्या हातानं बांधीन. एकदा बांधलेलं पाहू दे मले." मी वहीत लिहून घेतलं. अप्पासाहेबांना फोन केला. ते दम खात म्हणाले, "हाव, हाव. लग्नाच्या पहिले देतो. सर्व्हिसिंगले..." पुढे खोकला आला. त्याच महिन्यात त्यांचं हृदय बंद पडलं.

तर, त्या रविवारी कपाट उघडलं. निशांत एकेक घड्याळ काढून नाव सांगत होता, मी लिहीत होते. प्रत्येकाखाली मखमलीची उशी. पाळणा अजून फिरतच होता. तो बंद करायचं कोणालाच सुचलं नव्हतं. सगळ्यात खालच्या खणात एक उशी रिकामी निघाली. बाकीच्या फुगीर होत्या, ही मधोमध चेपलेली, मखमल घामाने चिकट झालेली.

"हे कोणतं?"

निशांत बाईंकडे पाहू लागला. बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "ते तं त्यायच्या संगंच गेलं ना, विजू."

"कुठे गेलं?"

"हातातच होतं त्यायच्या. आंघोळ घालतानी पोट्टे काढून राह्यले होते. म्या म्हटलं, राहू द्या, आवडीचं हाय. घरात तेच घालत जाय ना ते. बाहेर निघतानी काढत, दुसरं घालत. गोळी घ्याचा टाईम, बातम्याचा टाईम, सारं त्याच्यातच पाहत. सकाळी उठले का पहिले त्याले चावी, मंग च्या. तुले माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. आम्ही जात असू तेव्हा दार उघडेपर्यंत त्यांच्या हातात स्विस आलेलं असे. दार उघडायला इतका वेळ का लागतो, ते त्या दिवशी कळलं.

मी ह्यांच्याकडे वळले. "तुम्ही होतात ना तिथे?"

"होतो."

"पाहिलंत?"

"पाह्यलं. मेलेल्या भावाच्या हातचं कसं काढू, विजू?"

"अंगठी काढली ना?"

उत्तर निशांतने दिलं, अगदी सरळपणे, व्यवहाराची गोष्ट सांगावी तसं. "अंगठी सोन्याची होती, काकू."

राख सावडताना काय निघालं, तेही विचारलं. एक काळी पडलेली डबी निघाली होती. अस्थींबरोबर नदीत गेली.

मग निशांतने वरच्या खणातलं सोनेरी घड्याळ माझ्यापुढे धरलं. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये जे आहे, तेच. "रोहनले हे घ्या. याच्यापुढं ते काहीच नव्हतं." मी ते यादीत निशांतच्याच नावापुढे लिहिलं, वही बंद केली आणि पाळण्याची वायर काढली.

माणूस गेला की राग उतरतो म्हणतात. माझा वाढला आहे. त्यांना त्या घड्याळाची किंमत कळली नसती तर ते नुसते मूर्ख ठरले असते, आणि मूर्खाला मी सोडून दिलं असतं. पण त्यांना ती पुरेपूर कळलेली होती. चारचौघांत डबडं म्हणायचं आणि दार लावून त्यालाच चावी द्यायची, असे ते राहिले. बाबांना एकदा, फक्त एकदा म्हणाले असते, "इवाई, घड्याळ चांगलं हाय, मीच घालतो," तर बाबांनी ते आनंदाने दिलं असतं, आणि ती मांडवातली बाही त्यांना इतकी वर्षं ओढावी लागली नसती.

आता ते वाक्य मी बोलायचं आहे. त्यातली अडचण मला नीट दिसते. घड्याळ जळालं एवढंच सांगितलं तर बाबा खचतील. रोज हातात होतं, शेवटपर्यंत होतं, हेही सांगितलं तर ते खुर्चीत ताठ होतील, आईच्या फोटोकडे पाहतील आणि म्हणतील, "मंग चांगला मानूस होता." बाबांना ते सुख मिळायला हवं. पण अप्पासाहेबांना ते प्रमाणपत्र माझ्या हातून जावं, आणि तेही बाबांच्या तोंडून, हे मला सोसत नाही.

त्यानंतर दोनदा उमरखेडला जाऊन आले. पहिल्यांदा बाबांनी विचारलं, "तेरवी झाली ना? आता तं भेटन." मी म्हटलं, कपाट अजून उघडलं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी काही विचारलं नाही. उशाखालून एक पुडी काढून माझ्या हातात दिली. शेजारच्या पोराला घेऊन बाजारात गेले होते. आत नवा चामड्याचा पट्टा होता, रोहनच्या मनगटाच्या मापाचा. माप त्या पोराकरवी रोहनला फोन करून विचारून घेतलं होतं.

पट्टा माझ्या कपाटात आहे. लग्नाच्या यादीत हॉल, पत्रिका, बस्ता, आचारी, मांडव, सगळ्यांपुढे खूण झाली आहे. एक ओळ तशीच आहे: बाबांना घड्याळाचं सांगणे.