परंगिमलैची दगडी कॉटेज

ते कुठेही गेले की आधी बोटांच्या पेरांनी भिंत ठोकायचे. कचेरीत, देवळात, एकदा तर मुलगी पाहायला गेलेल्या घरीसुद्धा. मग मान हलवून म्हणायचे, "पोकळ आहे. उघडून पाहावें लागेल." असा एखादा गृहस्थ तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या या तंजावरी मराठी साहेबांनी मात्र स्वतःचंच घर उघडून ठेवलं होतं.

मद्रासच्या परंगिमलै टेकडीखाली त्यांनी गोऱ्या पलटणीच्या काळातली दोन खोल्यांची दगडी कॉटेज घेतली होती. मी पुण्याहून बदलून आलेला, त्यांच्याच कचेरीतला कारकून. रविवारी करमेना म्हणून तिकडे जायचो. दर रविवारी घर निराळं! पूर्वेची खिडकी पाडली, पुढच्या खेपेला बुजवली, मग पुन्हा उघडली. सिमेंट त्यांना वर्ज्य. हिरडा आणि गूळ घालून चुना मुरत ठेवायचे. गुळाच्या वासाने मालकाआधी मुंग्याच राहायला आल्या.

"कधी संपणार हो?"

"थोडकेंच उरलें, अप्पा," म्हणत ते दुसरी भिंत उकरायला निघालेले असत. त्यांच्याबरोबर तासभर घालवला की माझाही जीव थाऱ्यावर राहत नसे.

इकडे त्यांची बायको जॉर्ज टाउनात, मिरचीच्या वखारीवरच्या भाड्याच्या खोलीत बारा महिने खोकत होती. जागा बदला, असं डॉक्टरने बजावलं होतं. "तिच्यासाठींच तर करतों," ते म्हणत, आणि ते अगदी खरं होतं. म्हणूनच मला त्यांचा राग यायचा. त्या माउलीला सरळ भिंत नको होती, श्वास हवा होता.

एका रविवारी दाराची कमान पुन्हा उतरवायची ठरली. गवंडी शिडीवर चढतो तोच फाटकाशी जटका, म्हणजे इकडची घोडागाडी, थांबला. साहेबांच्या बाई उतरल्या. बरोबर वळकटी, ट्रंक आणि पितळी पातेलं.

"अगे, जमीन अजून एकसारखी नाहीं..."

"नसो. मी पुन्हां तिकडे जात नाहीं."

पाडलेल्या भिंतीचे तीन दगड मांडून त्यांनी अंगणाच्या दाराशी चूल पेटवली. शकुनाचं दूध उतू गेलं आणि फरशीवरून तडक एका कोपऱ्याकडे धावलं. साहेबांचा हात उतार तपासायच्या पाणसळीकडे गेला. बाईंनी नुसतं पाहिलं. हात मागे आला.

"उतर रे," ते गवंड्याला म्हणाले. "आज सुट्टी."

दुपारी बाई त्या उताराच्या फरशीवरच झोपल्या. गाढ, एकदाही न खोकता. जेवून घरी निघालेल्या गवंड्याची थापी दगडावर वाजली, तशी साहेबांनी घाईघाईने तोंडावर बोट ठेवलं.